नाकाडोंगरीचा काळा दगड

भंडाऱ्याहून तुमसरच्या एसटीत बसलं की दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या सुरू होतात. दिवाळीनंतर गेलात तर कापणी चाललेली दिसते, बायका कमरेत वाकून विळे चालवत असतात आणि बसच्या खिडकीतून ओल्या तणसाचा वास आत येतो. आमच्या यांची मावशी नाकाडोंगरीला असते. "एकदा तरी ये ग बाई, दरवेळी तुमसरवरूनच परत जातेस," असा तिचा निरोप दोन वर्षं येत होता. म्हणून या खेपेला जायचंच ठरवलं.

वाटेवरच्या दोन गोष्टी आधी सांगते, कारण त्या आपल्या घरकामाच्या आहेत. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. तिथली घागर, गुंड, परात पूर्वी विदर्भात प्रत्येक रुखवतात असायची. आता धंदा बराच उतरला असला तरी घरोघरी माळ्यावर ती भांडी आहेतच. पितळ चिंच-मिठाने उजळतं हे आपल्याला आईने शिकवलं. चिंचेतलं आंबट धातूवर चढलेला काळपट थर विरघळवतं आणि मीठ त्याला मदत करतं, एवढाच त्यातला प्रकार. पण चिंच फासून भांडं बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागू नका. घासलं की लगेच धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर उजळलेलं भांडं संध्याकाळपर्यंत हिरवट-काळं होतं.

पुढे मोहाडी आणि त्याच्याजवळचं आंधळगाव. करवती काठाची टसर नेसणाऱ्या मैत्रिणींना ही नावं सांगायला नकोत. टसर घरी धुवायची तर रिठ्याच्या कोमट पाण्यात, न पिळता, सावलीत वाळवून. आणि पांढरी किनार पिवळी पडली म्हणून तिला ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात कधीही बुडवू नका. सुती कापड त्याने पांढरं होतं, पण रेशीम म्हणजे केसासारखा, प्राण्यापासून आलेला धागा. ब्लीचमध्ये तो खाल्ला जातो, चक्क विरघळतो. या ब्लीचिंग पावडरीचं नाव लक्षात असू द्या, नाकाडोंगरीला पोहोचल्यावर ते परत निघणार आहे.

तुमसर हे तांदळाचं बाजारगाव. तिथून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की सपाट बांध्या हळूहळू मागे पडतात, साग-मोहाचं रान जवळ येतं आणि सातपुड्याच्या टेकड्या दिसू लागतात. आगगाडीची एक फाटा-लाइनही तुमसर रोडहून इकडेच येते, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत मध्य प्रदेशातल्या तिरोडीकडे जाते. नाकाडोंगरी हे तसं अखेरच्या टोकाचं गाव. वनखात्याचं परिक्षेत्र आहे, रस्ता पुढे राज्याच्या हद्दीकडे जातो, बावनथडी नदीपलीकडे बालाघाट जिल्हा. दुकानात एक बाई मराठीत भाव विचारते, दुसरी हिंदीत, आणि दुकानदार दोघींना झाडीबोलीत उत्तर देतो.

इथल्या मातीत मात्र एक वेगळेपण आहे. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे, उघडी, डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेली. गोबरवाहीच्या बाजूला चिखल्याची खाण जमिनीखाली आहे. या भागात मँगनीज काढायला सुरुवात झाली ती १८९६ साली स्थापन झालेल्या एका विलायती सिंडिकेटपासून. १९६२ मध्ये सरकार त्यात आलं आणि आज जिला सगळे 'मॉइल' म्हणतात ती कंपनी झाली. दगड हातात घेतला तर वजनाला जड, रंगाने काजळासारखा, आणि हात सोडत नाही. मावशी म्हणाली, "या दगडाले हात लावला का दोन दिवस बोटं काळेच रायते."

मी तिच्या माजघरात चहा पीत होते आणि माझी नजर भुईकडे गेली. शेणाने सारवलेली, पण हिरवट नाही, काळीभोर, गुळगुळीत. मी विचारलं तसं ती खुलली. "सेल फोडून त्यातला मसाला शेणकाल्यात टाकाचा. भुई आरशावानी होते. पण आता सेलच भेटत नाही, पोरांनी चार्जिंगचे टॉर्च आणले."

मैत्रिणींनो, ही युक्ती तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलेली असेल. टॉर्चचे, रेडिओचे संपलेले सेल जमवायचे, दगडाने फोडायचे, आतली काळी पूड सारवणात घालायची. खेड्यातल्या शाळेचा फळाही याच पुडीने काळा करत. पण गंमत बघा. तो काळा मसाला म्हणजे मुख्यतः मँगनीजचीच पूड. १८६६ साली लेक्लांशे नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने जो सेल बनवला त्यात हाच काळा दगड कुटून भरला होता, आणि साध्या टॉर्चच्या सेलची जात आजवर तीच आहे. बाहेरचा डबा जस्ताचा, मधोमध कोळशाची कांडी, आणि भोवती मँगनीज, कोळशाची पूड व क्षार यांचा ओलसर लगदा. डोंगरी बुजुर्गचा दगड तर सेलच्या कारखान्यांसाठीच नावाजलेला, आणि सेलला लागणारी अतिशुद्ध पूड बनवण्याचा एक कारखाना १९९१ पासून त्या खाणीवरच आहे. म्हणजे मावशीच्या उशाशी असलेला डोंगर कारखान्यात जाऊन, दुकानात येऊन, टॉर्चमध्ये जळून, पुन्हा तिच्याच भुईवर पसरला होता!

हे ऐकून ती पोट धरून हसली. पण पुढचं ऐकून तिचं हसू थांबलं.

मँगनीज पोटात जाणं वाईट नाही. तांदळात, हरभऱ्यात, अगदी आपल्या चहातही ते थोडं असतं आणि शरीराला ते हवंच असतं. जास्त झालं तर आतडं आणि यकृत ते अडवून बाहेर काढतं. श्वासातून गेलेल्या धुळीला मात्र ही चाळणी लागत नाही. ती फुप्फुसातून रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत जाते. १८३७ साली ग्लासगोचे डॉक्टर कूपर यांनी पाच मजुरांची हकिकत लिहून ठेवली. हे मजूर ब्लीचिंग पावडरीच्या कारखान्यात हा काळा दगड दळायचं काम करत. (त्या काळी ब्लीचिंग पावडरीसाठी लागणारा क्लोरीन वायू या दगडापासूनच काढत. आज तो मिठाच्या पाण्यात वीज सोडून काढतात.) त्यांच्या पायांतलं बळ गेलं, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं क्षीण झालं. कंपवातासारखंच, आणि एकदा बळावलं की सहसा मागे न फिरणारं. पुढे इतर देशांतल्या खाणींतही असे आजारी सापडले.

आता, सारवलेल्या भुईमुळे कुणाला हा आजार झाला असं मी म्हणत नाही. दळण-कांडणाची रोजची, वर्षानुवर्षांची धूळ निराळी आणि चार सेलांची पूड निराळी. पण सारवण वाळतं, त्याचे पापुद्रे सुटतात, आपण रोज केरसुणी फिरवतो, आणि त्याच भुईवर रांगतं मूल असतं. शिवाय सेलमधले क्षार हाताला चरचरतात, आणि जुन्या सेलांत तर थोडा पारादेखील घालत. एवढं सगळं कशासाठी, तर काळ्या रंगासाठी. तो रंग चुलीतल्या विझलेल्या कोळशाची वस्त्रगाळ पूड घातली तरी येतो. ती पूडही पाणी शिंपडून, ओली करूनच शेणात कालवावी. मावशीच्या जावेने लगेच ऐकवलं की तिच्या सासूबाई कोळशाचीच पूड घालत, सेलची फॅशन मागून आली.

या घराशी जोडलेली खरी गोष्ट मात्र भुईची नव्हती. घरातला एक मुलगा खाणीवर रोजंदारीला जातो. संध्याकाळी तो आला, अंगणात उभा राहिला आणि सवयीप्रमाणे सदरा काढून त्याने दोनदा फटकारला. काळा ढग उडाला, आणि शेजारीच त्याचं तीन वर्षांचं मूल उभं होतं. त्याची बायको तोच सदरा पुन्हा दगडावर आपटून धुते, ती धूळही तिच्याच नाकात जाते. खाणीवर पाणी मारतात, तोंडाला बांधायला देतात, ते तिथल्यापुरतं. घरची धूळ बाईच्या वाट्याला येते. मी तिला जे सांगितलं ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरचे खाणीत, सिमेंटच्या किंवा कुठल्याही धुळीच्या कारखान्यात जातात त्यांनीही ऐका. कपडे झटकायचे नाहीत. दारातच काढून सरळ पाण्याच्या बादलीत बुडवायचे, तासाभराने साबण लावायचा, घरातल्या बाकी कपड्यांपासून वेगळे धुवायचे आणि ते पाणी न्हाणीत न साठू देता वाहून जाऊ द्यायचं. बूट-चपला घराबाहेर. माणसाने आधी हातपाय आणि डोकं धुवायचं, मग पोराला उचलायचं. ती मुलगी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "म्या सांगतलं तं आयकत नाही. तुम्ही सांगा." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंगणात बादली भरून ठेवलेली दिसली.

मावशीच्या फडताळात आणखी एक ओळखीची पुडी होती, 'लाल औषध', म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. हाही मँगनीजचाच अवतार. जांभळे-काळे चकचकीत खडे, पाण्यात टाकले की गुलाबी धागे सुटतात. १८९० च्या दशकात आग्र्याला हॅंकिन नावाच्या साहेबाने पटकीच्या साथीत विहिरींत हे औषध टाकण्याची मोहीम चालवली, आणि तेव्हापासून ते आपल्या घरात शिरलं ते शिरलंच. आज विहिरीसाठी क्लोरीनची पावडर बरी समजतात, कारण तिचा असर पाण्यात टिकून राहतो. चिघळलेल्या कातडीला डॉक्टर अजूनही लाल औषधाच्या पाण्याच्या पट्ट्या सांगतात, पण तो रंग फिक्का गुलाबी हवा, नवजात बाळाच्या ओठासारखा. जांभळा झाला तर कातडी भाजते. खडा न विरघळता तसाच लागला तरी भाजतो. पालेभाजी धुताना काही जणी ते घालतात. घातलंत तर तसंच फिक्कं ठेवा, पण खरं काम वाहत्या पाण्यात तीन वेळा धुण्यानेच होतं.

मावशीच्या फडताळात त्या पुडीला टेकून ग्लिसरीनची बाटली होती. ओठ फुटतात म्हणून आणलेली. मी ती आधी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली. लाल औषधाच्या खड्यांवर ग्लिसरीन सांडलं तर थोड्या वेळात आपोआप पेट घेतं, काडी लावावी लागत नाही. ही पुडी साखर, तेल, कागदाच्या गठ्ठ्यापासूनही दूर, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, नाव लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवा. मुलाने खडा तोंडात घातला तर तोंड भरपूर पाण्याने धुवा, ओकारी काढायला लावू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

पण मावशीने हे औषध ठेवलं होतं ते भाजीसाठीही नव्हे. "सापासाठी," ती म्हणाली. पावसाळ्यात, धानाच्या बांध्यांत, आणि भुईवर झोपणाऱ्या घरांत मण्यार येते. चावलेल्या जागी चीर देऊन लाल औषध चोळायचं, असं तिला तिच्या वडिलांनी सांगितलेलं. वडिलांचंही चुकलं नाही. १९०४ साली ब्रंटन आणि रॉजर्स या नामांकित डॉक्टरांनीच हा उपाय पुढे आणला होता. एका बाजूला छोटं पातं आणि दुसऱ्या बाजूला लाल औषध अशा लाकडी डब्या तेव्हा विकल्या जात. नंतर कळून चुकलं की याने विष मरत नाही. चीर दिल्याने रक्त जातं, औषधाने मांस जळतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेळ जातो. उपाय मागे पडला, पण घराघरांतल्या पुड्या तशाच राहिल्या.

म्हणून हे नीट वाचा, आणि ज्या घरी वाचता येत नाही त्या घरी वाचून दाखवा. साप चावला तर चीर नको, चोखणं नको, दोरी आवळणं नको, काही चोळणं नको. ज्याला चावला त्याला चालवू नका, हात किंवा पाय फळीला बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा. बायकांना विशेष सांगणं, बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज चढली की तेच दागिने फास होतात. आणि सरळ सरकारी रुग्णालय, कारण सापाच्या विषावरची लस तिथे शिरेतून देतात. तिला दुसरा पर्याय नाही. नाकाडोंगरीकरांना तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय आहे. गाडी कुणाची, नंबर कुणाकडे, हे पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा. मण्यारीच्या चावण्याची खूण बहुधा दिसतही नाही आणि दुखतही नाही. पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं असं काही दिसलं तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देत बसू नका. भुईवर झोपणं टळत नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मच्छर आणि मण्यार दोन्हींना एकच उपाय, आणि तो कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त.

हे सगळं म्हटल्यावर मावशी जरा हिरमुसली. "मंग घरातलं काहीच कामाचं नाही का?" असं तिने विचारलं. आहे की! तिच्याच घरात सातपुड्याच्या रानातला मध होता. त्याची एक गोष्ट सांगते जी आपल्या आयांनाही ठाऊक नव्हती. घड्याळात, रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यात बटणासारखा चपटा सेल असतो. नाण्यासारख्या चपट्या सेलांपैकी बहुतेकांत लिथियमबरोबर हेच मँगनीज असतं. मुलाने तो गिळला आणि अन्ननळीत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भोक पडण्याइतकं भाजतं. एक वर्षावरच्या मुलाला, गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयात जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असं आता विषबाधेचे तज्ज्ञ सांगतात. मधाचा लेप भाजणं थोडं थोपवून धरतो. सेल काढायचं काम मात्र डॉक्टरांचंच, म्हणून मध शोधण्यात एक मिनिट घालवू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. मावशीने मधाची बाटली खालच्या फळीवर आणली आणि लाल औषध वरच्या. मला ते फार आवडलं.

डागांचं राहिलंच. लाल औषधाचे किंवा काळ्या मातीचे तपकिरी डाग साबणाने जात नाहीत, आणि ब्लीच टाकलं तर आणखी पक्के बसतात. अशा खडकातल्या हापशीच्या पाण्याने बादलीत, कपड्यांवर काळसर छटा येते, तिचंही तेच. क विटामिनची एक गोळी कुटून थोड्या पाण्यात कालवा आणि डागावर लावा. लाल औषधाचा डाग बघता बघता उतरतो. लिंबाने पण जातो, पण सावकाश. इथे आवळा मात्र चालवू नका. क विटामिन आवळ्यातही आहे, पण त्याच्या तुरट अंशाने पाण्यातल्या लोखंडाशी गाठ पडली की शाईसारखं काळं होतं. रानातल्या हिरड्यापासून आणि लोखंडापासून काळा रंग करत, तो असाच.

परतीला तुमसरच्या बाजारात बसला तासभर वेळ होता म्हणून भांड्यांच्या दुकानात शिरले. मावशीची सून बरोबर होती, तिला डबे घ्यायचे होते. दुकानदाराने खिशातून लोहचुंबक काढलं, डब्याला लावलं, ते चिकटलं नाही. "बघा ताई, अस्सल स्टील!" तुम्हालाही असं कुणी दाखवलं असेल. चुंबक न चिकटणाऱ्या स्टीलच्या दोन जाती असतात. एकीत निकेल भरपूर असतं, ती महाग. दुसरीत निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घालतात, ती स्वस्त. चुंबक दोघींनाही चिकटत नाही, म्हणजे त्याने काहीच सिद्ध होत नाही. स्वस्त जात वाईट नाही. पीठ, डाळ, साखर त्यात खुशाल ठेवा. पण लोणचं, मिठाचं पाणी, चिंचेचा कोळ तिच्यात राहिला तर तिला लवकर गंजाचे ठिपके येतात. लोणचं चिनी मातीच्या बरणीतच बरं. सुनेने डाळ-तांदळासाठी दोन स्वस्त डबे घेतले, भाव करून तीस रुपये सोडवले, आणि बरणी मात्र मावशीच्या फडताळातलीच वापरणार म्हणाली.